चौथा फॉर्म

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात गेल्या महिन्यात नवी पुस्तकं आली. खोका फोडायचा, शिक्के मारायचे, नंबर घालायचे, हे माझं काम. अठरा वर्षं करते आहे. त्या खोक्यात मुलांसाठीचं एक चकचकीत पुस्तक होतं. आईवडील वेगळे झालेल्या एका मुलाची गोष्ट. मुखपृष्ठावर दोन घरं आणि मधोमध दप्तर पाठीला लावलेला मुलगा. हल्ली अशी पुस्तकं बरीच येतात. मुलं ती नेतात, काही जण दोनदा नेतात, आणि कोण दोनदा नेतं ते मी कुणाला सांगत नाही.

पुस्तक हातात आल्यावर मी पाठीवरून बोट फिरवलं, शिवण आहे की नुसता डिंक ते पाहिलं आणि शेवटची सोळा पानं मोजली. समोर सातवीतली एक मुलगी उभी होती.

"मॅडम, तुमी सगळी पुस्तकं मागनं का बगताय?"

"मागची पानं गळतात," मी म्हटलं. "जा वर्गात."

ही सवय बाइंडिंगच्या खोलीतली आहे. माझं निम्मं बालपण तिथं गेलं.

कोल्हापुरात, मंगळवार पेठेत एका तालमीच्या मागच्या बोळात, पत्र्याच्या छपराखाली ती खोली होती. मालकांना सगळे चाचा म्हणत. आई तिथं कामाला लागली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि माझा भाऊ दीपू सात वर्षांचा. दीपू आमच्यात नव्हता. तो शिरोळकडं, वडिलांच्या गावात, वडील आणि आत्या यांच्याजवळ राहिला होता. वडिलांना घरात सगळेच दादा म्हणत. घर का मोडलं हे मी इथं लिहिणार नाही. तेव्हाही मला कुणी सांगितलं नाही. आठवतं ते एवढंच की ट्रंक एसटीच्या टपावर चढली, मी आत चढले, आणि खाली आत्या दीपूच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून आईला म्हणाली, "पोरगं आमचं. पोरगी न्हे तू."

खोलीत शिरलं की आधी खळीचा वास यायचा. मैदा पाण्यात रटरट शिजवायचा आणि वाळवी लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचं. खळ निळसर व्हायची. गोड आणि कडू यांच्यामधला तो वास आईच्या हातांना असा बसला की भाकरीला, माझ्या वेणीला, अंथरुणाला, सगळ्याला तोच. चाचा मला रोज बजावत, "बोट चाटशील तर मरशील बघ." मी एकदा चाटलं. मेले नाही, पण दोन दिवस जिभेवर तांब्याचं भांडं ठेवल्यासारखं वाटत होतं.

मे-जूनमध्ये वह्यांचे ढीग. श्रावणात खळ वाळायची नाही, पुस्तकं दगडांखाली दाबून ठेवायची आणि सगळ्या खोलीला ओल्या पुठ्ठ्याची कोंदट ऊब यायची. दिवाळीनंतर शहराच्या कडेनं गुऱ्हाळं पेटली की वारा बोळापर्यंत काकवीचा वास आणायचा. पलीकडच्या तालमीत पहाटेपासून मातीवर अंगं आदळायची. इकडं कटिंग मशीनचं चाक फिरायचं, चाचांचा रेडिओ खरखरायचा आणि आठ बायका पाय पसरून घड्या घालत बसायच्या. घडीवरून पट्टी ओढली की सर्र असा आवाज व्हायचा. आठ पट्ट्यांचा मिळून तो आवाज वाळक्या पाचोळ्यातून कुणी चालल्यासारखा वाटायचा.

पुस्तक छापखान्यातून पुस्तक म्हणून येत नाही. मोठे कागद येतात. एका कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापलेली असतात. त्याला फॉर्म म्हणायचं. पण पानं ओळीनं नसतात. पहिल्या पानाच्या शेजारी सोळावं असतं आणि त्यांच्या डोक्यावर आठवं-नववं उलटं. तीन घड्या नीट घातल्या की सगळी पानं जागेवर येतात. मी शाळेतून आले की खराब फॉर्मच्या ढिगाऱ्यावर बसून वाचायचे. शाई पसरलेले, छपाई तिरकी झालेले, चाकाला चिकटून फाटलेले ते कागद कुणाला नको असायचे. मान वाकडी करून, कागद फिरवत फिरवत मी गोष्टी वाचल्या. आधी म्हातारी मरायची आणि मग तिचं लग्न व्हायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही.

दीपू आम्हाला महिन्यातून एकदा भेटायचा. दुसरा रविवार, एसटी स्टँड. आत्या त्याला दहाच्या गाडीनं आणायची आणि एकच्या गाडीनं परत न्यायची. आमच्या खोलीवर ती यायची नाही आणि त्याला पाठवायचीही नाही. भेट स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर. एका टोकाला आत्या पिशवी मांडीवर घेऊन, दुसऱ्या टोकाला आम्ही तिघं. भोंग्यातून गाड्यांची नावं, डिझेलचा धूर, भजी, मुतारीचा वास. आई त्याच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू आणायची. त्यानं लाडू खाल्ला की ती त्याचे केस तेल लावून विंचरायची आणि मग चाचांकडच्या ब्लेडनं त्याची नखं काढायची. वीस नखं, एकेक करून, सावकाश. कापलेली नखं ती कागदाच्या पुडीत घालून पर्समध्ये ठेवायची.

"नखं काढाय आणतो व्हय मी पोराला कोल्हापुरात?" आत्या म्हणायची. "आमच्या गावात ब्लेड मिळत न्हाय?"

"मिळतंय की," आई मान वर न करता म्हणायची. "मग ही एवढी का वाढल्यात?"

दीपू हसायचा. त्याला दोघींचं भांडण आवडायचं, कारण भांडताना दोघी त्याच्याविषयीच बोलायच्या.

त्या वर्षी पावसाळ्यात चाचांकडं मुलांच्या गोष्टीचं एक पुस्तक बांधायला आलं. चौसष्ट पानं, चार फॉर्म. शहरातली एक मुलगी. तिचे आईबाबा वेगळ्या घरांत राहायला जातात आणि ती आठवड्याचे दिवस वाटून दोन्हीकडं राहते. असली गोष्ट मी तोवर कधी वाचली नव्हती. पुस्तकात राजकन्या असतात, कोल्हे असतात. आमच्यासारखं कुणी पुस्तकात असतं हे मला माहीत नव्हतं. पहिला फॉर्म खराब ढिगाऱ्यात मिळाला. मी तो घरी नेऊन घडी घातली आणि पुढच्या भेटीच्या रविवारी बाकावर दीपूला वाचून दाखवला. त्यानं तिसऱ्याच पानावर विचारलं, "हिला म्हयन्यातनं किती बार आई भेटती?"

"आठवड्यातनं चार दिवस."

"चार?" तो आत्याकडं बघून म्हणाला, "बग की गं आत्या, चार दिवस."

"पुस्तकातलं हाय त्ये," आत्या म्हणाली. "शेंगा खा."

दुसरा फॉर्म ऑगस्टात वाचला, तिसरा सप्टेंबरात. दीपू आता गाडीतून उतरताना आईच्या आधी माझ्याकडं यायचा. त्या मुलीचं पुढं काय झालं, एवढंच त्याला हवं असायचं. तिसऱ्या फॉर्मच्या शेवटी ती मुलगी खिडकीत उभी राहून दोघांना एकदमच बोलवायचं ठरवते. तिथं कागद संपत होता.

चौथा फॉर्म मी वाचला होता. त्याचा एकही कागद खराब निघाला नव्हता, पण चाचांकडं मागितला असता तर त्यांनी चांगल्यातला एक दिला असता. मी मागितला नाही. कारण चौथ्या फॉर्ममध्ये ते दोघं एकत्र येत नाहीत. मुलीकडं दोन ब्रश असतात, दोन उशा असतात, आणि ती दोन्ही घरी शहाण्यासारखी राहायला शिकते. शेवटच्या चित्रात ती हसते. मला तो शेवट चुकीचा वाटला. मी छापील पुस्तकावर विश्वास ठेवणारी मुलगी होते, पण ते पान मी फॉर्म परत ढिगात सरकवताना नखानं ओरखडलं.

मग मी शेवट स्वतः लिहिला. कोरा कागद घेतला, त्याच्या तीन घड्या घातल्या आणि सोळा पानं भरली. माझ्या शेवटात ती मुलगी एका सकाळी कुणाला न सांगता निघते आणि उसाच्या फडात जाऊन लपते. शहरातल्या मुलीला उसाचा फड कुठून मिळाला, हे मला सुचलं नाही. मला दीपूला दिसेल असं काहीतरी हवं होतं आणि त्याच्या घराच्या मागं ऊसच होता. एका बांधावरून बाबा हाका मारत येतात. मुलगी उत्तर देत नाही. दुसऱ्या बांधावरून आई हाका मारत येते. दोन्ही हाका ऐकू आल्यावरच ती उठून उभी राहते आणि बाहेर येते तेव्हा दोघं एकाच ठिकाणी उभे असतात. मग तिघं घरी जाऊन जेवतात. शेवटच्या पानावर मी जेवणाचं ताट काढलं होतं, वरणभात आणि पापड.

दिवाळीला आईनं दीपूसाठी ते पुस्तक बांधलं. चारही फॉर्म एकत्र घेतले, दाभणानं भोकं पाडली, मेणाचा दोरा ओवला, पुठ्ठ्याला लाल कापड लावलं. बाइंडिंगमध्ये एक नियम असतो: शिवायच्या आधी शेवटचा फॉर्म उलटून बघायचा, कारण चूक नेहमी तिथंच होते. आई तो नियम नव्या बायकांना शिकवायची. हजारो पुस्तकांत तिनं तो मोडला नसेल. त्या एका पुस्तकात मोडला. "चौथा खराब निघाला न्हाय, म्हणून मी हातानं उतरवून काढला," असं मी सांगितलं आणि तिला त्याचं कौतुकच वाटलं. "अक्षर सुधारलंय तुझं," ती म्हणाली.

दीपूनं स्टँडवर पुस्तक छातीशी धरलं. "शेवट सांग की."

"घरी जाऊन वाच. तुला येतंय आता."

पुढच्या दुसऱ्या रविवारी, डिसेंबरात, दहाच्या गाडीतून आत्या एकटीच उतरली. आईनं तिच्या मागं पाहिलं, मग गाडीच्या दाराकडं, मग एकेका खिडकीकडं.

"पोरगं कुठाय?"

"हाय घरात. जित्तं हाय."

आत्या बाकावर बसली आणि आमच्याकडं न बघता सांगत गेली. बुधवारी सकाळी दीपू शाळेला म्हणून निघाला तो शाळेत पोचला नाही. दुपारी मास्तरांनी निरोप दिला. सगळी गल्ली शोधायला बाहेर पडली. विहिरीत गळ टाकले. वडील फडाच्या बांधानं हाका मारत फिरले, त्यांचा आवाज बसला. आत्या दुसऱ्या बांधानं फिरली. दिवस कलता कलता ऊस तोडणाऱ्या टोळीतला एक गाडीवान बैलांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला आत गेला, तेव्हा पोरगं सरीत पालथं पडलेलं सापडलं. अंगात ताप, तोंड आणि हात उसाच्या पात्यांनी चिरलेले. शर्टाच्या आत पुस्तक. "वीस हातांवर हुता," आत्या म्हणाली. "माझी हाक आयकत हुता. गप पडून ऱ्हायला."

तिनं पिशवीतून ते लाल पुस्तक काढलं आणि बाकावर आपटलं. तिच्या दोन्ही मनगटांवर लांब ओरखडे होते, खपल्या अजून पडल्या नव्हत्या.

"ह्ये मागलं कुणी लिवलंय?"

आई चौथीपर्यंत शिकलेली. एकेका शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत तिनं शेवटची पानं वाचली. गाड्यांची नावं भोंग्यातून चालूच होती. सांगली, इचलकरंजी, गगनबावडा. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं एकदा बघितलं.

"मी," ती आत्याला म्हणाली.

"तुला येतंय व्हय एवढं लिवाय?"

"येतंय. मीच लिवलंय."

मी शेंगा सोलत होते. मी सोलत राहिले.

"मला का न्हाय कळवलं?" आईनं विचारलं. "बुधवारी हरवला आन् मला आज सांगतीयास?"

"कशाला कळवू? येऊन काय करणार हुतीस? हाका मारणार हुतीस?" आत्या उठली. "आता त्यो यायचा न्हाय. दादानं सांगितलंय. पोराच्या जिवावर उठायचं आन् वर लाडू घिऊन बसायचं."

एकच्या गाडीला अजून वेळ होता. ती समोरच्या फलाटावर जाऊन उभी राहिली आणि तिथंच उभी होती, गाडी लागेपर्यंत. आईनं लाडवांची पुडी बांधून ठेवली. तेलाची बाटली ठेवली. आम्ही चालत घरी आलो. आईनं मला मारलं नाही. सोमवारी ती कामावर गेली. जेवताना मात्र तिनं एकदा सांगितलं, ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "त्याला कधी कळू द्यायचं न्हाय तू लिवलंस म्हणून. मी आज हाय, उद्या न्हाय. त्याला बहीण ऱ्हायला पायजे."

आई दोनदा गावात गेली आणि दोन्ही वेळा वेशीतून परत आली. दर जूनमध्ये ती त्याच्यासाठी सहा वह्या बांधून, वर त्याचं नाव घालून पोस्टानं पाठवायची. पोचल्या की नाही कळायचं नाही. खळीचा वास तोच, ढीग तेच. फक्त दुसरा रविवार आला की ती दुपारी झोपायची. एरवी ती दुपारी कधी झोपत नसे.

माझ्या लग्नात दीपू आला. वडील तोवर गेले होते. आत्यानं पाठवला असावा. अठरा वर्षांचा, उंच, मिशी फुटलेली, दारात पाव्हण्यासारखा उभा. आहेराचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि पंगतीला बसला. आई वाढायला आली, जिलबीचं ताट घेऊन त्याच्यासमोर थांबली.

"आणि घालू?"

"बास झालं. तुमी बसा की आता," तो म्हणाला.

आमच्याकडं आईला कुणी तुम्ही म्हणत नाही. आजूबाजूच्या चार बायकांनी माना वळवल्या. आईनं एक जिलबी त्याच्या ताटात ठेवली आणि पुढच्या पानाकडं गेली. मी शालू नेसून उभी होते. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तो माझ्याशी नीट बोलत होता, मला ताई म्हणत होता, भाऊबीजेला येईन म्हणाला होता. आईनं मिळवून दिलेली ती गोष्ट मला मोडायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटली.

चार वर्षांनी आई गेली. आजार तीन आठवड्यांचा. दीपूला फोन केला तेव्हा तो लगेच आला, सगळे विधी त्यानं चोख केले, एका शब्दानं चुकला नाही, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. तेराव्यानंतर आम्ही दोघं तिची खोली रिकामी करत होतो. तो भांडी पोत्यात भरत होता, मी कपडे वेगळे काढत होते. आता आईचा शब्द पाळायचं कारण उरलं नाही, असं मला वाटलं.

"दीपू, त्या पुस्तकाचा शेवट आईनं लिहिला नव्हता. मी लिहिला होता."

तो पोत्याचं तोंड बांधत होता. "म्हाईत हाय की."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तुझं अक्षर मी वळखत न्हाय व्हय? पाटीवर मला गिरवाय तूच काढून द्यायचीस."

"मग तिच्यावर एवढी वर्षं राग कशाचा धरलास?"

त्यानं सुतळीला गाठ मारली, सोडली, परत मारली. "राग न्हाय. मी दिसभर आत हुतो. दादा हाका मारत हुते, आत्या मारत हुती. मी म्हटलं, आई येऊ दे, मग उठतो. आत्या नंतर म्हणाली, कोल्हापूरला माणूस धाडलाय, तुझी आई म्हणाली मला काम हाय. मी म्हटलं, बरं. असंल काम."

बाहेर तालमीतली पोरं ओरडत होती. मी हातातली साडी घडी घालून ठेवली.

"माणूस कुणी धाडला नव्हता," मी म्हटलं. "तिला रविवारी कळलं. स्टँडवर, आत्याकडनंच. चार दिवसांनी. तिनं विचारलंसुद्धा, मला का नाही कळवलं म्हणून."

"तुला कसं म्हाईत?"

"मी तिथंच होते. शेजारी."

तो पोत्यावर बसला. मला कळलं की मी पंधरा वर्षं भलतीच गोष्ट लपवून ठेवली होती. जी त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती ती मी जपली, आणि जी एका वाक्यात सांगता आली असती, माझ्या लग्नातसुद्धा, जिलबीच्या ताटासमोर, ती सांगायची असते हे माझ्या ध्यानात आलं नाही. आईच्याही आलं नाही. ती गेली होती.

"ह्ये सांगायचं हुतंस की गं ताई," तो म्हणाला.

"हो."

आत्या अजून आहे. ऐंशीला आली. डोळे गेलेत, माणसं ओळखत नाही, दीपूला कधी दादा म्हणते, कधी पाव्हणं म्हणते. त्याची बायको माहेरी गेली की आत्याचं न्हाणं-खाणं तोच करतो. मी गेल्या वर्षी एकदा गेले होते. तो तिच्यासमोर ताट घेऊन बसला होता, भाकरी दुधात कुस्करून घास भरवत होता. तिच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं आणि तो ते पंच्यानं पुसत होता. मी दारात उभी राहून हळूच विचारलं, तू कधी विचारलंस का रे हिला, माणूस धाडला म्हणून खोटं का सांगितलंस ते.

त्यानं पुढचा घास केला.

"इच्चारून काय करू?" तो म्हणाला. "मग हिला जेवाय कोण घालणार?"